बाटलीवरचं वासरू दर वेळी दहाव्या दिवशीच का हगतं?

आई गेलेलं किंवा आईनं झिडकारलेलं वासरू घरी येतं, दोन दिवसांत बाटली ओळखायला लागतं, आठवडाभर सगळं छान चाललेलं असतं. लुचतंय, ढुशा मारतंय, शेपूट वर करून आवारभर उधळतंय. आणि मग एका सकाळी पाहावं तर मागचे पाय पिवळट पाण्यानं भरलेले, वासरू कोपऱ्यात मान टाकून. दोन-तीन दिवस धावपळ होते, वासरू उठतं किंवा जातं. पुढचं वासरू आलं की त्याच सुमाराला पुन्हा तेच.

आमच्या छोट्याशा शेतात एका हंगामात तीन पोरकी वासरं आली आणि तिन्ही अशीच आजारी पडली. दोन वाचली, एक गेलं. त्या काळात मी दुधाची पावडर बदलली, दुधात पाणी वाढवलं, मग दूधच बंद करून पाहिलं. एकाचाही उपयोग झाला नाही, कारण मी चुकीच्या जागी शोधत होते. कुठे शोधायला हवं होतं ते खाली सांगते. पण हे वाचताना कुणाच्या दारात आत्ताच हगवणीचं वासरू पडलेलं असेल, तर आधी त्याचं बघू.

समोरच्या वासराचं आधी

हगवणीचं वासरू बहुतेक वेळा जातं ते अंगातलं पाणी आणि क्षार निघून गेल्यामुळे. जंतू कोणताही असो. वासराच्या वजनात पाऊण हिस्सा पाणीच असतं. जोराची हगवण असेल तर एका दिवसात वजनाच्या ५ ते १० टक्के पाणी बाहेर पडू शकतं. ३५ किलोच्या वासराचा हिशोब केला तर पावणेदोन ते साडेतीन लिटर. हे पाणी परत आत गेलं नाही, तर कोणतंही औषध कामाला येत नाही.

किती पाणी गेलंय हे बघायला मानेवरची कातडी चिमटीत धरायची, थोडा पीळ द्यायचा आणि सोडायची. लगेच बसली तर ठीक. घडी दोन सेकंदांहून जास्त तशीच राहिली तर वासरू सुकलंय. मग डोळे बघायचे. बुबुळ आत जाऊन पापणीच्या मागे फट दिसत असेल, तर प्रकरण पुढे गेलंय. शेवटी बोट तोंडात घालायचं. तोंड उबदार असेल आणि वासरू बोट चोखत असेल तर घरी करण्यासारखं खूप आहे. तोंड गार, चोखणं नाही, उठवलं तरी उभं राहत नाही, असं असेल तर तोंडानं काही पाजत बसू नका. ते फुफ्फुसात जाईल. डॉक्टरांना बोलवा, त्याला शिरेतून सलाईन लागणार.

थर्मामीटर गोठ्यात हवाच. वासराचं तापमान ३८.५ ते ३९.५ अंश सेल्सिअस असतं. ताप चढला की आपण घाबरतो, पण हगवणीच्या वासरात मला ३८ च्या खालचा आकडा जास्त घाबरवतो. अंगातली धग जायला लागली की वेळ थोडा उरतो. अंगावर पोतं टाका, खाली कोरडा पेंढा घाला, फोन लावा.

पाजायचं काय? वासरांसाठी मिळणारी इलेक्ट्रोलाइटची, म्हणजे क्षारांची, पावडर, पुड्यावर लिहिलंय तेवढ्याच पाण्यात, कोमट करून. दुधाची वेळ टाळून मधल्या वेळी, दिवसातून दोन-तीनदा. आणि इथे माझी पहिली घोडचूक सांगते. पावडर घरात नव्हती म्हणून मी माणसांसाठी करतो तसं साखर-मिठाचं पाणी केलं आणि दिवसभर पाजलं. संध्याकाळपर्यंत हगवण दुप्पट. वासराच्या आतड्यात साखर फोडणारं पाचक द्रव्यच नसतं, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. त्याला दुधातली साखर पचते, ग्लुकोज पचतं, पण आपली डब्यातली साखर तशीच पुढे जाते आणि जाताना आतड्यात आणखी पाणी ओढून घेते. पिठाची पेजही इतक्या लहान वासराला पचत नाही. इलेक्ट्रोलाइटमध्ये ग्लुकोज असतं ते ताकदीसाठी असं वाटतं, पण त्याचं मोठं काम वेगळंच आहे: आतडं मीठ आत घेतं ते ग्लुकोजच्या जोडीनं, आणि त्या दोघांमागून पाणी जातं.

दूध तोडू नका. जुनी माणसं तोडायला सांगतात, मीही तोडलं होतं. दोन दिवसांत वासराच्या बरगड्या मोजता येऊ लागल्या. इलेक्ट्रोलाइटवर वासरू जगतं, पण पोसलं जात नाही. दूध थोडं थोडं, तीन-चार वेळा द्यायचं. फक्त दूध आणि ते पाणी एकत्र करायचं नाही. वासराच्या पोटाचे चार कप्पे असतात. दूध त्यातल्या चौथ्या पोटात गेल्यावर आधी विरजतं, त्याची गाठ बनते आणि मग ते सावकाश पचतं. इलेक्ट्रोलाइटच्या बऱ्याच पावडरींत सोडा असतो, त्यानं ही गाठ नीट बनत नाही. म्हणून दोन्हींत निदान दोन तासांचं अंतर.

शेणात रक्त, सडका वास, ताप, किंवा दोन दिवसांत काही फरक नाही, यातलं एक जरी असलं तरी डॉक्टर. घरात उरलेलं अँटिबायोटिक अंदाजानं देऊ नका. का ते पुढे येईल.

दिवस मोजा

तिसऱ्या वासराच्या वेळी डॉक्टर आले तेव्हा मी सगळा पाढा वाचायला सुरुवात केली. पावडर अमुक, पाणी तमुक, परवा दूध जरा गार झालं होतं.

"ताई, वासरू किती दिवसांचं?"

"सकाळी मी दूध—"

"दुधाचं नंतर. दिवस सांगा."

दहा. आणि आधीचं? बोटांवर मोजलं, ते नऊ दिवसांचं होतं. त्याच्या आधीचं दहा की अकरा. तेवढ्यावर त्यांनी मान हलवली आणि शेणाचा नमुना घेतला.

दिवसाला इतकं महत्त्व का, ते नंतर कळलं. वासराच्या हगवणीची कारणं वयाप्रमाणे येतात. पहिल्या चार-पाच दिवसांत पाण्यासारखी हगवण लागून वासरू झटक्यात कोसळलं, तर संशय ई. कोलायवर. पाचव्या दिवसापासून दोन आठवड्यांपर्यंत रोटा आणि कोरोना हे विषाणू (माणसांतल्या साथीचा तो कोरोना वेगळा). साधारण सातव्या दिवसापासून तीन आठवड्यांपर्यंत क्रिप्टोस्पोरिडियम नावाचा एकपेशीय परजीवी. तीन आठवड्यांनंतर वासरू कुंथत असेल, शेणात रक्ताचे धागे दिसत असतील, तर कॉक्सिडिया. साल्मोनेला कधीही येऊ शकतो, तो बहुतेक वेळा ताप आणि घाण वास घेऊन येतो. या वेळा एकमेकींत मिसळतात आणि एका वासरात दोन जंतूही सापडतात, त्यामुळे नुसत्या वयावरून निकाल देता येत नाही. पण शोध कुठून सुरू करायचा ते नक्की कळतं.

दुधानं बिघडलेलं पोट असं ठरावीक दिवसाची वाट बघत नाही. दूध बदललं की दुसऱ्या दिवशी शेण सैल होतं, रंग पांढुरका असतो, आणि वासरू तरीही टुणटुणीत, बाटलीसाठी हंबरत असतं. माझी वासरं तशी नव्हती. तीन वेगळ्या ठिकाणांहून आली, तिघांचं दूध वेगळं, आणि तिन्ही एकाच वयात पडली. म्हणजे तिघांना सारखी अशी एकच गोष्ट होती. माझं आवार.

नमुन्यात क्रिप्टो निघाला. नेहमीची अँटिबायोटिकं त्याच्यावर चालत नाहीत, विषाणूंवर तर नाहीतच. घरच्या औषधांची बाटली मी त्या दिवशी कपाटात वरच्या फळीवर ठेवली.

वर्तुळ कुठे जुळत होतं

मी सफाईत कमी पडते असं मला कधीच वाटलं नव्हतं. बाटली रोज उकळत्या पाण्यानं धुवायचे. निपल बाहेरून गुलाबी, चकचकीत. नमुन्याचा निकाल आल्यावर मी ते निपल हातात घेऊन मोज्यासारखं आतून बाहेर उलटलं. रबर जाड होऊन बाटलीच्या तोंडावर बसतं त्या खाचेत पिवळट बुळबुळीत थर होता. नखानं खरवडला तर मेणासारखी वळी निघाली. वास असा की मी निपल हातभर लांब धरलं. हेच मी दिवसातून तीनदा वासराच्या तोंडात देत होते.

उकळतं पाणी पहिल्यांदा ओतणं हीच चूक होती. भांड्यात दूध करपतं तसं दुधातलं प्रथिन गरम पाण्यानं रबरावर शिजून चिकटतं, आणि त्याच्याखाली जंतू मजेत राहतात. आता क्रम असा: आधी कोमट पाण्यानं दूध धुऊन काढायचं. मग साबणाच्या कडक गरम पाण्यात, ६० अंशांच्या वर, ब्रशनं घासायचं, निपल उलटून आतूनही. मग स्वच्छ पाणी, आणि शेवटी बाटली उपडी टांगून खडखडीत वाळवायची. वाळवणं सगळ्यात महत्त्वाचं. क्रिप्टोच्या अंड्यांना ब्लीच फारसं काही करत नाही. ती मरतात उष्णतेनं आणि कोरडेपणानं. म्हणून बाटल्यांचे दोन जोड ठेवले, एक वापरात, एक उन्हात. चिरलेलं किंवा चिकट झालेलं निपल फेकून द्यायचं, जपून ठेवायचं नाही.

पण खरा घोटाळा निपलमध्ये नव्हताच. तो बागेत होता आणि मला तो दिसायला आणखी आठवडा लागला.

आमचं फावडं एकच, ढकलगाडी एकच. सकाळी गोठ्यातलं ओलं शेण गाडीत भरायचं, बागेच्या कडेच्या ढिगावर ओतायचं. त्या ढिगाला खेटूनच पेंढा आणि वाळल्या पाल्याची रास होती, कारण दोन्ही वाफ्यांसाठीच लागायचं, मग लांब कशाला ठेवा. परतीच्या फेरीत त्याच गाडीत, त्याच फावड्यानं पेंढा भरायचा आणि वासराच्या खाली अंथरायचा. मला वाटायचं किती छान बसवलंय, एक फेरी रिकामी जात नाही. प्रत्यक्षात आजारी वासराचं शेण मी रोज त्याच गोठ्यात परत आणत होते. ते वासरू गेल्यावर, किंवा बरं झाल्यावर, पुढच्या वासराला तोच कोपरा, तोच पेंढा. या जंतूची अंडी ओल्या सावलीच्या जागी महिनोनमहिने जिवंत राहतात. वासरू जमीन चाटतं, भिंत चाटतं, मग आठवडाभरात ते दिसायला लागतं. नववा-दहावा दिवस असा येत होता.

हे समजल्यावर केलेले बदल फार मोठे नव्हते. गोठ्याचं फावडं वेगळं, त्याच्या दांड्याला लाल पट्टी. ढकलगाडी गोठ्यात शिरत नाही, तिथलं शेण घमेल्यानं निघतं. पेंढ्याची रास आवाराच्या दुसऱ्या टोकाला, पत्र्याखाली. आणि दुसरं वासरू जुन्या कोपऱ्यात कधीच जात नाही. जुनी जागा खरवडून, कडक गरम पाण्यानं धुऊन, उन्हात उघडी टाकून ठेवते, निदान काही आठवडे. नवं वासरू तोवर नव्या जागी. दोन वासरं असतील तर आधी लहान आणि निरोगी वासराला पाजायचं, आजारी शेवटी, आणि मग बूट-हात धुऊनच घरात. हा जंतू माणसालाही होतो, लहान मुलांना आणि अशक्त माणसांना जास्त जड जातो. त्या हंगामात माझंही पोट आठवडाभर बिघडलं होतं. मी दोष शिळ्या अन्नाला दिला होता.

अंथरूण कोरडं आहे का हे हातानं चाचपून कळत नाही. गुडघे टेकून वासराशेजारी बसा आणि वीसपर्यंत मोजा. उठल्यावर गुडघे ओले लागले तर पेंढा बदला. माझ्या सगळ्या जुन्या पॅंटींवर या परीक्षेचे डाग आहेत.

चीक मिळाला होता का?

पोरक्या वासराबद्दल विचारायचा पहिला प्रश्न हा. गाईच्या पोटात असताना वासराला आईच्या रक्तातून प्रतिकारशक्ती मिळत नाही, ती सगळी चिकातून येते. आतड्याची दारं ती आत घ्यायला फक्त जन्मानंतर थोडा काळ उघडी असतात. पहिल्या सहा तासांत सर्वांत जास्त, चोवीस तासांनी जवळजवळ बंद. वासराच्या वजनाच्या दहाव्या हिश्श्याइतका चीक त्या पहिल्या तासांत पोटात जायला हवा, ३५ किलोच्या वासराला साडेतीन लिटर. आपल्याकडे पोरकं वासरू बहुतेक दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी येतं, तेव्हा ती वेळ निघून गेलेली असते. त्यावर नंतर इलाज नाही. असं वासरू आलं की मी त्याला काचेचं भांडं समजते: वेगळी जागा, कोरडं अंथरूण, नाळेला आयोडीन, आणि दुसऱ्या वासरांचं तोंडही बघू देत नाही. जास्तीचा चीक गोठवून ठेवलेला असेल तर रोज थोडा दुधातून देते. आता तो रक्तात जाणार नाही, पण आतड्यात जंतूंना अडवायला थोडी मदत होते. गोठवलेला चीक वितळवताना पाणी ५० अंशांच्या वर नको, नाहीतर त्यातलं कामाचं तेच मरतं.

दुधाचं, थोडक्यात

दूध हे माझ्या रोगाचं मूळ नव्हतं, पण दुर्बल पोटावर जंतू लवकर चढतात, म्हणून एवढं सांभाळते. दूध पिताना ३८ ते ४० अंश हवं. स्वयंपाकघरात मोजलेलं धरू नका, थंडीत गोठ्यापर्यंत जाईतो ते उतरलेलं असतं. पावडर डब्यातल्या चमच्यानं न मोजता वजनानं मोजायची. बहुतेक पावडरींना एक लिटर तयार दुधाला १२५ ग्रॅम लागते, पण आपल्या पुड्यावर काय लिहिलंय ते वाचा. आज दाट, उद्या पातळ, हे पोटाला सर्वांत वाईट. वेळा रोज त्याच.

निपलचं भोक मोठं करायचा मोह सगळ्यांना होतो, मलाही झाला. पाजणं दोन मिनिटांत आटोपतं. पण बाटली उपडी धरल्यावर दूध थेंब थेंब पडायला हवं, धार लागता कामा नये. वासरू मान किंचित वर ताणून, लुचून प्यायलं की अन्ननलिकेच्या टोकाशी पन्हळीसारखी घडी पडते आणि दूध थेट चौथ्या पोटात उतरतं. घाईनं गटागटा गेलेलं दूध कोठीपोटात, म्हणजे पहिल्या कप्प्यात, सांडतं आणि तिथे आंबतं. बाटली आईच्या कासेच्या उंचीला धरली की मान आपोआप बरोबर राहते.

शेणाचं काय करायचं

हगवणीच्या वासराचं शेण पालेभाजीच्या वाफ्याजवळही नको. मी त्याचा वेगळा ढीग करते, पाल्यात मिसळून, उंच रचून. मधोमध ५५ अंशांच्या वर उष्णता पंधरा दिवस टिकली पाहिजे आणि त्या काळात ढीग पाचदा उलटला पाहिजे. कडेचं आत, आतलं कडेला. लांब दांड्याचा थर्मामीटर खुपसल्याशिवाय हे कळत नाही. वाफ निघतेय म्हणजे तापलाय असं समजून मी एकदा फसले आहे, तेव्हा तो जेमतेम ४५ होता. ढीग तापलाच नाही, तर मी ते खत कच्चंच धरते. कच्च्या शेणखतासाठी अमेरिकेतल्या सेंद्रिय शेतीच्या नियमांत जे अंतर आहे तेच पाळते: मातीला टेकणाऱ्या भाजीच्या काढणीआधी १२० दिवस, मातीपासून वर लागणाऱ्या फळभाजीआधी ९० दिवस. त्यातही ढीग थोडा संशयाचा वाटला तर सरळ झाडांच्या आळ्यात.

उलट दिशेनंही एक काळजी घ्यावी लागते. बागेतला कचरा वासराच्या पुढ्यात टाकण्याआधी बघा. कण्हेरीची छाटणी थोडीशी जरी गेली तरी जीव जातो, घाणेरीनं यकृत बिघडतं, हिरवे पडलेले बटाटे आणि त्यांचा पाला नकोच. दोन-तीन आठवड्यांचं वासरू दिसेल ते चघळतं.

या बदलांनंतर आलेल्या पहिल्या वासराला अकराव्या दिवशी शेण सैल झालं. मी रात्रभर जागी. सकाळी ते बाटलीला ढुशा देत होतं, शेण दुपारपर्यंत घट्ट. त्यानंतरच्या दोघांना तेवढंही झालं नाही. भिंतीवरच्या कॅलेंडरवर प्रत्येक वासराच्या नावापुढे जन्माचा दिवस आणि सातव्यापासून एकविसाव्या दिवसापर्यंत पेन्सिलीची रेघ असते. त्या रेघेच्या दिवसांत सकाळी चहाआधी शेपटीखाली बघायचं, मग बाकीचं.

सध्याची कालवड पंधराव्या दिवसावर आहे. काल कुंपणाखालून निसटली आणि शेंगांच्या वेलांचे कोवळे शेंडे एका ओळीतले सगळे फस्त केले. शेण आज सकाळी घट्ट होतं.